गंजलेली चासी आणि गाडीची ओळख : श्रीगोंदा-नगरच्या वाटेवरचा शंभर वर्षांचा इतिहास

१.
श्रीगोंदा तालुक्यात हमरस्त्यालगतच्या एखाद्या गॅरेजच्या मागे जुन्या जीपची उघडी चासी पडलेली दिसली, तर कोणी थांबून पाहत नाही. बॉडी केव्हाच भंगारात गेलेली असते, इंजिन दुसऱ्या गाडीत बसलेले असते. उरतात दोन लांब पोलादी पन्हळी, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि तांबूस गंज. भंगारवाला तिचा भाव किलोवर करतो. हौशी कारागिराला तिच्यावर उभी राहणारी नवी गाडी दिसते. कायदा मात्र तिच्यावर ठोकलेला क्रमांक पाहतो. या तीन नजरांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याचा मोठा भाग नगर जिल्ह्यातच घडला आहे.

२.
‘चासी’ हा शब्द मूळचा फ्रेंच. अर्थ साधा : चौकट. खिडकीच्या सरकत्या चौकटीला इंग्रजीत ‘सॅश’ म्हणतात, तोही याच शब्दाचा बदललेला अवतार. मोटारीत ही चौकट सगळे ओझे पेलते. इंजिन, पाटे, आस, सुकाणू आणि बॉडी यांना एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवणे हे तिचे काम. शिडीसारख्या दिसणाऱ्या या चौकटीवर बॉडी केवळ बोल्टांनी बसवलेली असते. म्हणूनच ती उतरवता येते आणि दुसरी चढवता येते. पुढचा सगळा इतिहास या एका सोयीतून निघाला.

३.
श्रीगोंद्याच्या परिसराला ही कल्पना परकी नव्हती. शिंद्यांच्या वाड्यांचे हे गाव, आणि तालुक्यातील काष्टी बैलबाजारासाठी प्रसिद्ध. येथील सुतार-लोहारांना गाडीचे अवयव सुटे सुटे ओळखता येत. साटा म्हणजे गाडीची चौकट, त्याखाली आस, चाकात तुंबा आणि आरे, वर लोखंडी धाव. धाव झिजली की लोहार नवी तापवून चढवी. आरा मोडला की सुतार बदली. चाके बदलली, आस बदलला, तरी गाडी तीच समजली जाई, कारण साटा तोच असे. एखाद्या वस्तूची ओळख तिच्या कोणत्या भागात राहते, हा प्रश्न गावगाड्याने असा व्यवहारात सोडवला होता.

४.
पुढे हवेचे टायर आले आणि उसाच्या पट्ट्यात ‘टायरगाडी’ दिसू लागली. लाकडी चाकांच्या जागी मोटारीची चाके आणि आस, वर बैलगाडीचा साटा. साखर कारखान्यांच्या वाढीबरोबर अशा गाड्या ऊस वाहू लागल्या. जुन्या वाहनाचा एक भाग दुसऱ्या वाहनाच्या अंगात जगवण्याची ही ग्रामीण रीत होती. तिच्या मागे कंजूषपणा नव्हता. पोलाद महाग आणि मजुरी स्वस्त असलेल्या अर्थव्यवस्थेचा तो सरळ हिशोब होता.

५.
मोटारीच्या जगातही प्रारंभी हीच विभागणी होती. रोल्स-रॉइस कंपनी ग्राहकाला पूर्ण गाडी विकत नसे. ती इंजिनासह चालती चासी विकत असे आणि बॉडी ग्राहकाच्या पसंतीने दुसरा कारागीर बांधत असे. त्यामुळे प्रत्येक गाडीची खरी ओळख चासीच्या क्रमांकात राही. ‘सिल्व्हर घोस्ट’ हे जगप्रसिद्ध नावदेखील आरंभी एकाच गाडीचे होते : १९०७ ची, चासी क्रमांक ६०५५१. पुढे ते नाव त्या संपूर्ण मालिकेला चिकटले.

६.
१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या विमानदलाने बेल्जियममध्ये मोटारींवर पोलादी पत्रे चढवून गस्त सुरू केली. प्रयोग यशस्वी ठरला. उपलब्ध सिल्व्हर घोस्ट चासी सरकारने ताब्यात घेतल्या आणि डिसेंबर १९१४ मध्ये पहिल्या ठरीव बनावटीच्या चिलखती गाड्या तयार झाल्या. पाटे भक्कम केले, मागे दुहेरी चाके लावली, वर फिरता बुरूज बसवला. एकूण वजन चार टनांहून अधिक झाले. श्रीमंतांच्या सहलीसाठी घडवलेल्या चौकटीने हे ओझे वाळवंटातही पेलले.

७.
युद्धानंतर १९२१ मध्ये हिंदुस्थानासाठी या गाडीचा वेगळा नमुना निघाला. वायव्य सरहद्दीवरील गस्त हे तिचे मुख्य काम. अशाच सिल्व्हर घोस्टच्या चासीवरची एक चिलखती गाडी आज अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयात उभी आहे. हे संग्रहालय १९९४ मध्ये स्थापन झाले. श्रीगोंद्याहून तेथे पोचायला पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा प्रवास पुरतो. रणगाड्यांच्या गर्दीत ही गाडी लहान दिसते, पण ‘जुनी चासी, नवे काम’ या विचाराचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल.

८.
मात्र रोल्स-रॉइस महाग होती. म्हणून हिंदुस्थान सरकारने १९२३ नंतर क्रॉस्ली कंपनीच्या स्वस्त चासीवर चिलखती गाड्या बांधून घेतल्या. बुरूज घुमटाकार होता आणि उन्हाच्या तापापासून बचावासाठी आत अस्तर लावलेले होते. बॉडी उत्तम होती, चासी मात्र त्या तोडीची नव्हती. खडकाळ रस्ते, जड चिलखत आणि हवा नसलेले टायर यांचा सारा मार चौकटीने खाल्ला. दीड दशकात त्या चासी थकल्या.

९.
१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध दाराशी आले, तेव्हा नव्या चिलखती गाड्या मिळण्याची आशा नव्हती. लष्कराने मग उलटा मार्ग धरला. क्रॉस्लीच्या चिलखती बॉडी उचलून शेवरोले ट्रकच्या चासीवर बसवण्यात आल्या आणि हवेचे टायर लावण्यात आले. घोडे सोडून नुकत्याच यंत्रांवर आलेल्या भारतीय घोडदळाच्या हाती अशाही गाड्या पडल्या. येथे बॉडी जगली आणि चासी भंगारात गेली. रोल्स-रॉइसच्या बाबतीत घडले त्याच्या नेमके विरुद्ध. दोन्ही निर्णयांमागचा प्रश्न एकच होता : दोहोंपैकी कोणता भाग अजून भार पेलू शकतो? नाव किंवा प्रतिष्ठा पाहून हा प्रश्न सुटत नाही. चौकट मोजावी लागते.

१०.
जी गोष्ट लष्कराने गरजेपोटी केली, ती ब्रिटनमधील तरुणांनी हौसेपोटी केली. ऑस्टिन सेव्हन ही लहान मोटार १९२२ ते १९३९ या काळात लाखोंच्या संख्येने रस्त्यावर आली. तिची चासी वरून पाहिल्यास इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी, हलकी आणि सोपी. दुसऱ्या महायुद्धानंतर या गाड्यांच्या बॉडी कुजल्या होत्या, पण चासी कवडीमोलाने मिळत. तरुणांनी त्या खरवडल्या, सरळ केल्या आणि त्यांवर प्लायवुडच्या, पत्र्याच्या, पुढे फायबरच्या बॉडी चढवल्या. अशा गाड्यांना ‘स्पेशल’ म्हणत.

११.
कॉलिन चॅपमन या विद्यार्थ्याने १९४८ मध्ये अशाच एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली. तीच पुढे पहिली ‘लोटस’ म्हणून ओळखली गेली. १९५७ मध्ये त्याच कंपनीची ‘लोटस सेव्हन’ आली, तीही सुट्या भागांच्या संचात. कारण कराचे होते. पूर्ण मोटारीवर जबर खरेदीकर बसे, सुट्या भागांच्या संचावर तो नसे. १९७३ मध्ये खरेदीकराची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि ही सवलत संपली. आज ज्याला ‘किट कार’ म्हणतात, त्या प्रकाराच्या वाढीत कारागिराच्या हौसेइतकाच करकायद्यातील या फटीचा वाटा होता.

१२.
या चळवळीला पहिला मोठा धक्का गंजाने दिला. १९६० मध्ये ब्रिटनने दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची तपासणी सक्तीची केली. नव्या चकचकीत बॉडीखाली तीस वर्षांची चासी तशीच दडवलेली असे. तपासणीसाने खालून हातोडी मारली की पापुद्रे गळत. ज्यांनी आधी सांगाडा दुरुस्त केला होता त्यांच्या गाड्या टिकल्या, ज्यांनी नुसता रंग दिला त्यांच्या बाद झाल्या.

१३.
भारतात अशी चळवळ रुजली नाही, यालाही कारण होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण ठरले की केवळ जुळणी चालणार नाही, भाग येथेच बनले पाहिजेत. १९५३-५४ च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांनी येथील जुळणी थांबवली. नवी गाडी दुर्मीळ झाली आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबण्याचा काळ आला. जुनी चासी जपणे ही मग हौस उरली नाही, ती पोटापाण्याची गरज बनली.

१४.
ग्रामीण महाराष्ट्रात या गरजेचे नाव होते जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. वरून सारख्याच, पण चासी पाहणाऱ्याला फरक कळतो. विलीजच्या चौकटीची पुढची आडवी पट्टी गोल नळीची, फोर्डची उलट्या पन्हळीसारखी. भारतात महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये सुट्या भागांतून ७५ जीप जुळवून आरंभ केला. पुढे हीच जीप शेतावर, बाजारात आणि निवडणुकीच्या प्रचारात सर्वत्र दिसू लागली, आणि तिचा गंजका सांगाडा गॅरेजच्या मागे.

१५.
चासी जपण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र सार्वजनिक होता आणि त्याची सुरुवातही नगरच्याच रस्त्यावर झाली. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-नगर मार्गावर धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. बस बेडफर्डची. चासी विलायती, तिच्यावरची बॉडी लाकडी, आसनांत काथ्या, रंग निळा-रुपेरी. त्या काळात परिवहनाच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. दहा प्रकारच्या चौकटींवर बॉडी बसवताना कार्यशाळेतील कारागिरांची जी शाळा झाली, ती पुढे कामी आली.

१६.
लाकूड गेले आणि धातूची बॉडी आली. पण पोलादी पत्र्याला कोकणच्या खाऱ्या हवेत गंज चढे. म्हणून १९६० मध्ये ॲल्युमिनियमच्या बॉडी आल्या आणि त्याच सुमारास रंग लाल झाला. आजची ‘लाल परी’ म्हणजे अंशतः गंजाशी झालेल्या लढाईचे अपत्य आहे. तरीही पेच पूर्ण सुटला नाही. ॲल्युमिनियम पोलादाला टेकते तेथे ओल आणि मीठ पोचले, की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजते. त्यामुळे चौकट आणि बॉडी यांच्या सांध्यातले रबर किंवा रंगाचा थर कारागिराने कधी क्षुल्लक मानू नये.

१७.
गेल्या दशकाच्या अखेरीस एसटीने पुन्हा पोलादाकडे वळण घेतले. अपघातात ॲल्युमिनियमची बॉडी लवकर फाटते, पोलादी सांगाडा प्रवाशाला अधिक काळ सांभाळतो, हा हिशोब त्यामागे होता. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत जुन्या बसच्या चासीवरून ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून पोलादी बॉडी चढवण्याचे काम झाले. हौशी माणूस एका गाडीवर जे करतो, तेच येथे सरकारी पातळीवर झाले. खाली तीच चौकट, वर नवे घर.

१८.
मग गंजलेली चासी वाचवायची म्हणजे नेमके काय करायचे? पहिले काम परीक्षेचे. गंज वरून समान दिसतो, पण त्याची खोली समान नसते. चौकटीला हातोडीने ठोकत जावे लागते. शाबूत पोलाद खणखणते, पोखरलेले बद्द वाजते. दोन पन्हळी तोंडाला तोंड लावून जेथे पेटी केलेली असते, तेथे चिखल आत शिरून साचतो आणि गंज आतून बाहेर येतो. पाट्यांचे कान, आडव्या पट्ट्यांचे सांधे, रिव्हेटखालची जागा ही ठिकाणे आधी पाहावी लागतात. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांमध्ये साचलेला गंज पाचरीसारखा रिव्हेट ताणतो.

१९.
दुसरे काम मापाचे. चौकट समतल जागी, चार टेकूंवर ठेवून तिचे कर्ण मोजतात. पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत एक अंतर, आणि उलट बाजूने दुसरे. दोन्ही सारखी आली तर चौकट गुनियात आहे. फरक असेल तर ती कधीतरी ठोकरली आहे, आणि अशा चासीवरची गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालते. पीळ पाहण्यासाठी आडव्या पट्ट्यांवर पातळी लावतात. कुजलेला भाग कापण्यापूर्वी आजूबाजूला तात्पुरते टेके जोडावे लागतात. नाहीतर कापताच चौकट सुटते आणि वेल्डिंग चुकलेल्या मापालाच कायमचे करते.

२०.
तिसरे काम धातूचे. गंजाचे पापुद्रे छन्नीने काढून उरलेला गंज वाळूच्या माऱ्याने नितळ धातू दिसेपर्यंत उडवतात. जेथे पत्र्याची जाडी उरलेली नाही, तेथे कुजका तुकडा कापून त्याच जाडीचा नवा तुकडा बसवतात. छिद्रावर नुसते ठिगळ मारले, तर ठिगळाखाली गंज चालूच राहतो. जड वाहनांच्या चौकटीत आणखी एक काळजी असते. अनेकदा ते पोलाद उष्णता-संस्कार केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते शेजारी मऊ पडते आणि काही वर्षांनी तेथेच तडा जातो. म्हणून ट्रकच्या चौकटीत रिव्हेट आणि बोल्ट यांना पूर्वीपासून मान आहे. सर्व झाल्यावर उघड्या धातूवर वेळ न दवडता रेड ऑक्साइड किंवा जस्तयुक्त अस्तर, वर रंग, आणि पेटीच्या आत मेण.

२१.
या सगळ्या श्रमानंतर प्रश्न उरतो तो ओळखीचा. ब्रिटनने त्यावर अनेक वर्षे गुणांची पद्धत वापरली. जुन्या भागांतून नवी गाडी बांधताना मूळ नोंदणी टिकवायची असेल, तर किमान आठ गुण हवेत. मूळ चासीला पाच गुण. पाट्यांची यंत्रणा, आस, गिअरबॉक्स आणि सुकाणू यांना प्रत्येकी दोन. इंजिनाला अवघा एक. गाडीचा जीव इंजिनात असतो अशी सर्वांची समजूत, पण कायद्याच्या तराजूत चौकट पाचपट भारी ठरली. काष्टीच्या बाजारातील सुताराला यात नवल वाटले नसते.

२२.
भारतीय कायदाही चासीलाच ओळख मानतो. तिच्यावर क्रमांक ठोकणे नियमानुसार बंधनकारक आहे आणि नोंदणीपत्रात तो पहिल्या तपशिलांपैकी एक असतो. फरक बदलाच्या बाबतीत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाने करू नये, असा तिचा आशय. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. एका चासीवरचा क्रमांक कापून दुसरीवर जोडणे हा तर सरळ गुन्हा आहे. वाहनचोरांच्या टोळ्या हाच मार्ग वापरतात, म्हणून कायदा तेथे कठोर आहे.

२३.
या कठोरतेची दुसरी बाजू डिसेंबर २०२१ मध्ये दिसली. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका लोहाराने भंगाराचे भाग जोडून, दुचाकीसारखी पायाने किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. खर्च सुमारे साठ हजार रुपये. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी जाहीर कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नाही हेही त्याच वेळी सांगितले. तिच्या बदल्यात त्या कारागिराला नवी बोलेरो मिळाली. कौतुक कौशल्याचे झाले, रस्त्याचा परवाना मात्र त्या कौशल्याला नव्हता.

२४.
ब्रिटनमध्ये हौशी बांधणाऱ्याची एकच गाडी तपासून तिला मान्यता देण्याची व्यवस्था १९९८ पासून आहे. आपल्याकडे नियम १२६ प्रमाणे उत्पादकाच्या नमुन्याला मान्यता मिळते. ती व्यवस्था कारखान्यासाठी आहे, गॅरेजसाठी नाही. लोटस सेव्हनच्या वळणाची गाडी अलिबागजवळ कार्लेखिंड येथे ‘चिंकारा’ या नावाने बनली, तीही कारखान्याने स्वतः घडवलेल्या नव्या चासीवर. जुन्या चासीचा मार्ग तिने घेतला नाही.

२५.
जुन्या चासीला कायद्याने दिलेली एक वाट २०२१ ची आहे. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेले असावे, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे गंजलेला तुकडा काढून त्याच जाडीचा, त्याच आकाराचा तुकडा बसवणे आणि चौकट आखूड करून नवी स्पोर्ट्स गाडी बांधणे या दोन वाटा येथे वेगळ्या होतात. पहिली जतनाची, दुसरी बदलाची. वेल्डिंगची ठिणगी दोन्हीकडे सारखीच दिसते, म्हणून हेतू आणि माप यांची नोंद ठेवणे महत्त्वाचे. कामाआधीची छायाचित्रे, कर्णांची मापे आणि क्रमांकाचा ठसा ही कारागिराची खरी कागदपत्रे.

२६.
सरकारी वाहनांसाठी तर काळाची रेषाच आखली गेली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या वाहनांची नोंदणी पुढे वाढत नाही. चौकट शाबूत आहे की नाही, हा प्रश्न त्या तारखेनंतर विचारला जात नाही. यात प्रदूषण आणि सुरक्षितता यांची बाजू खरी आहे. पंधरा वर्षे खड्डे सोसलेल्या चौकटीवर पन्नास जीव बसवताना शासनाने सावध असावे, हे योग्यच. पण चासी वाजवून, मोजून, दुरुस्त करून तिला नवे आयुष्य देण्याची जी विद्या एसटीच्या कार्यशाळांत सत्तर वर्षे जमा झाली, ती वापराविना राहिली तर तीही गंजेल.

२७.
नगर शहराजवळच वाहननगर येथे वाहन संशोधन व विकास संस्था आहे. लष्करी वाहनांच्या तपासणीचे मूळ कार्यालय फाळणीनंतर आजच्या पाकिस्तानातून येथे आले. नियम १२६ खाली वाहनाचा नमुना तपासणाऱ्या संस्थांत तिचे नाव आहे. म्हणजे एकाच शहरात एका बाजूला जुन्या चासीवर चिलखत चढवलेली सिल्व्हर घोस्ट उभी आहे आणि दुसऱ्या बाजूला नवी चौकट मोजणारी प्रयोगशाळा. दोहोंच्या मधल्या वाटेवर, श्रीगोंद्यासारख्या तालुक्यांत, हातोडी आणि वेल्डिंग मशीन घेऊन बसलेला कारागीर आहे.

२८.
शंभर वर्षांच्या या इतिहासातून त्याच्या हाती एक नियम येतो. लष्कराने क्रॉस्लीची चासी टाकली, कारण ती भार पेलण्यास असमर्थ होती. एसटीने आपल्या चासी ठेवल्या, कारण त्या समर्थ होत्या. ब्रिटनमधील बाद झालेल्या ‘स्पेशल’ गाड्यांनी मात्र हा प्रश्न रंगाखाली दडवला होता. गॅरेजच्या मागे पडलेली चासी विकत घेणाऱ्याने म्हणून आधी क्रमांक पाहावा, मग हातोडी वाजवावी, मग कर्ण मोजावेत. रंगाचा डबा सर्वांत शेवटी उघडावा. त्या चौकटीवर उद्या कोणाचा तरी मुलगा बसणार आहे.

(थ्रेड समाप्त)